भरती-ओहोटीच्या विजेचा हिशेब कसा मांडावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या शाळेतून विज्ञान प्रदर्शनासाठी भरती-ओहोटीवरील विजेची प्रतिकृती करायची असेल, तर थर्माकोल आणि मोटर आणण्याआधी हिशेब मांडावा, असा माझा आग्रह आहे. समुद्र चोर्ला घाटापलीकडे असला, तरी मुख्य नोंद भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत मिळते. त्यातून एका बंदरावरील लागोपाठच्या भरतीची आणि ओहोटीची उंची घ्यावी व फरक मीटरमध्ये काढावा. सहलीला कारवार किंवा वेंगुर्ल्याला गेल्यास ओहोटीच्या वेळी जेटीचे खांब पाहावेत. खालचा भाग ओला, कालवे चिकटलेला आणि वरचा कोरडा दिसतो, त्यावरून फरकाचा अंदाज येतो.

बंधाऱ्याआड अडवलेले भरतीचे पाणी ओहोटीला सोडले, तर मिळू शकणारी ऊर्जा म्हणजे पाण्याची घनता (१,०२५), गुरुत्व त्वरण (९.८१), जलाशयाचे चौरस मीटरमधील क्षेत्रफळ आणि फरकाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी. उत्तर ज्यूलमध्ये येते. त्याला ३६ लाखांनी भागले की हेस्कॉमच्या वीजबिलात असतात ती युनिट मिळतात. एक चौरस किलोमीटर जलाशय आणि २ मीटर फरक धरल्यास एका ओहोटीला सुमारे ५,६०० युनिट येतात, तर ८ मीटर फरकाला सोळापट, म्हणजे सुमारे ८९,००० युनिट. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावर १९६६ साली २४० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले, ते तेथील सरासरी ८ मीटरच्या फरकामुळेच. हे सैद्धांतिक आकडे आहेत. टर्बाइनमधील घट वजा जाते, हे आपल्या हिशेबाखाली स्पष्ट लिहावे.

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची, म्हणजे मोठ्या फरकाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी फरकाची. म्हणून एकाच दिवसाचा आकडा महिनाभर धरू नये. फरकांची सरासरी काढून तिचा वर्ग करणे हीसुद्धा चूक आहे. १ आणि २ मीटरची सरासरी १.५, तिचा वर्ग २.२५, पण वर्गांची सरासरी २.५ येते, आणि तीच खरी.

प्रतिकृतीत खेळण्यातली मोटर जनित्र म्हणून चालते. मात्र अर्ध्या मीटरच्या पाण्याने ती संथ फिरते आणि लाल एलईडीला लागणारा सुमारे १.८ व्होल्टचा दाब सहसा मिळत नाही. अशा वेळी लपवलेली बॅटरी जोडू नये. मल्टिमीटर लावून मिलिव्होल्टमधील आकडा पाण्याच्या उंचीसह फलकावर लिहावा.