साठीनंतरची लस : पावसाआधी काय काय उरकायचं

"आता या वयात लस घेऊन काय उपयोग?" असं घरातले आबा म्हणतात, आणि त्यात थोडं तथ्य आहेच. छातीच्या मधल्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतू ओळखणाऱ्या टी-पेशी तिथं तयार होतात. तारुण्यापासूनच ती आक्रसत जाते आणि साठीपर्यंत तिथं बरीचशी चरबीच उरते. त्यामुळं लशीनंतर अँटिबॉडी (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) कमी बनतात, शिवाय लवकर ओसरतात. म्हणून तर या वयात लशीचं नियोजन जास्त नीट करायचं.

आधी वेळ ठरवा. आपल्याकडं पावसाळ्यात फ्लू बळावतो आणि फ्लूच्या लशीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी चढल्यावर धावपळ करण्यापेक्षा मे महिन्यात उरका. दवाखान्यात दक्षिण गोलार्धासाठीची ताजी लस आहे का, ते विचारा (फ्लूची लस दोन गोलार्धांसाठी वेगवेगळी निघते). ही दरवर्षी घ्यायची. जमल्यास सकाळी जा : 2016 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सकाळी लस घेतलेल्या ज्येष्ठांमध्ये फ्लूच्या तीनपैकी दोन प्रकारांविरुद्ध अँटिबॉडी जास्त दिसल्या. नाहीतरी कोल्हापुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडतंय कोण!

मग कोणती लस, ते डॉक्टरांशी बोला. फ्लू, न्यूमोनियाची न्यूमोकोकल आणि नागिणीची (अंगावर पट्ट्यात उठणारे, ठणकणारे फोड), या तिन्हींबद्दल विचारा. नागिणीचं उदाहरण बोलकं आहे. दुबळा केलेला जिवंत विषाणू असलेली जुनी लस सत्तरीपुढच्यांना जेमतेम 38 टक्के संरक्षण द्यायची. नव्या लशीत विषाणूचं एकच प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारा सहायक घटक आहे, आणि चाचण्यांत सत्तरीपुढंही संरक्षण 90 टक्क्यांच्या आसपास राहिलं. शरीर म्हातारं तेच, लस बदलली! महाग आहे, हे खरं. पण नागिणीनंतर महिनोन्महिने ठणकणारी कूस ज्यांनी पाहिलीय, ते किमतीवर फार घासाघीस करत नाहीत. मंत्र टाकून नागीण उतरवणारे अजून भेटतात. त्यांच्या नादात वेळ घालवू नका.

गोळ्यांची पिशवी सोबत न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा, सुईनंतर जागा जास्त वेळ दाबून धरतात. संधिवाताची मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड चालू असेल तर लशीचा प्रतिसाद आणखी घटू शकतो. पण गोळी मनानं बंद करू नका.

मेडिकलमधून लस घेऊन बर्फाच्या पिशवीतून दवाखान्यात नेणं टाळा. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी, आणि या लशी गोठल्या तरी वाया जातात. जिथं फ्रीज आहे तिथंच टोचून घ्या. आईंना, आजींना सैल बाहीचा ब्लाउज घालायला सांगा. घट्ट बाही वर सरकत नाही आणि मग सुई खांद्याच्या स्नायूऐवजी भलतीकडंच बसते.

टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असं नसतं. ज्येष्ठांना त्रास बऱ्याचदा कमीच होतो. शाळेत जाणाऱ्या नातवंडांना आणि घरातल्या बाकीच्यांनाही फ्लूची लस द्या, कारण आजार बहुधा त्यांच्याबरोबरच घरात येतो.

नागिणीच्या लशीचा दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांत असतो. पहिला मे महिन्यात झाला तर दुसरा गणपतीच्या सुमारास बसतो. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. सहा महिने उलटले तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस लवकरात लवकर घ्यायचा.