निर्जंतुक व्हायल, स्टॉपर घेताना पुरवठादाराबाबत या चुका टाळा

इंजेक्शनच्या व्हायलला (औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीला) लावायचं रबर स्टॉपर, म्हणजे बूच, निर्जंतुक आहे की नाही, हे पाहून कळत नाही. चाचणी करूनही फारसं कळत नाही. समजा, एका लॉटमध्ये शंभरात एक स्टॉपर दूषित आहे. त्यातले २० नमुने काढून स्टेरिलिटी टेस्ट लावली, तर ती पास होण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. म्हणजे असा लॉट पाचांपैकी चार वेळा बिनबोभाट आत येतो. म्हणून पुरवठादार नुसत्या रेटवर ठरवायचा आणि बाकीचं 'इनकमिंगला (माल आल्यावरच्या तपासणीत) बघून घेऊ' म्हणायचं, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. किंमत मोजतो तो रुग्ण.

सीओए (मालाच्या तपासणीचं प्रमाणपत्र) आला म्हणजे झालं, असं मानणं

माल ट्रेडरकडून येत असेल तर सीओए कोणाच्या लेटरहेडवर आहे ते आधी बघा. मूळ उत्पादकाचं नाव, प्लांटचा पत्ता आणि त्याचा स्वतःचा लॉट नंबर हवाच. एंडोटॉक्सिन (जिवाणूंपासूनचं विष) आणि पार्टिकल्सपुढे नुसतं 'कम्प्लाइज' लिहिलेलं असेल तर प्रत्यक्ष आकडे मागवा. सीओएवरचा स्टरिलायझेशन लॉट कार्टनवरच्या लेबलशी ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईत नेमकं तेच राहून जातं.

गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या मालावरच्या लाल ठिपक्याचंही तसंच. पिवळ्याचा लाल झाला म्हणजे कार्टन रेडिएशनमधून गेलं, एवढंच. डोस पुरेसा मिळाला का, ते डोसिमीटरच्या (डोस मोजणाऱ्या साधनाच्या) रिपोर्टवरून कळतं. तो प्रत्येक लॉटसोबत मागा. '२५ किलोग्रे दिलेत' हे उत्तरही पुरेसं नाही. त्या मालावरच्या बायोबर्डनला (आधीपासूनच्या जंतूंच्या संख्येला) तो डोस पुरतो, हे आयएसओ १११३७ या रेडिएशन निर्जंतुकीकरणाच्या मानकाप्रमाणे सिद्ध केलेलं असावं लागतं.

दोन व्हेंडर अप्रूव्ह केले म्हणून निर्धास्त राहणं

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथे दडलेला असतो, कारण कागदावर सगळं ठीक दिसतं. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे पत्ते, दोन अप्रूव्हल. पण व्हायल बनवणारे बरेच कारखाने काच स्वतः वितळवत नाहीत, तयार नळी विकत घेतात. फार्मा दर्जाची बोरोसिलिकेट नळी मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत: शॉट, कॉर्निंग, निप्पॉन इलेक्ट्रिक ग्लास ही त्यातली मोठी नावं. तुमचे दोन्ही व्हेंडर एकाच भट्टीची नळी घेत असतील, तर ती भट्टी दुरुस्तीला गेल्यावर दोघांचाही पुरवठा एकदमच अडतो.

धुवून, निर्जंतुक करून थेट भरायला येणाऱ्या रेडी-टू-यूज व्हायलचं घ्या. त्या ठेवलेल्या टबवरचं झाकण बहुतेक टायवेकचं (जंतू अडवणाऱ्या कागदासारख्या शीटचं), आणि टायवेक बनवते एकटी ड्युपाँट. गॅमाचं घ्या. दोन्ही व्हेंडर एकाच इर्रेडिएशन प्लांटमध्ये माल पाठवत असतील, तर तिथलं वेळापत्रक हाच तुमचा लीड टाइम. गॅमा किरण देणाऱ्या कोबाल्ट-६० ची ताकद दर वर्षी सुमारे १२ टक्क्यांनी घटते. नवा सोर्स वेळेवर भरला नाही तर तेवढाच डोस द्यायला जास्त वेळ लागतो आणि रांग वाढत जाते.

म्हणून प्रत्येक व्हेंडरला एकेक प्रश्न विचारून साखळी कागदावर काढा. नळी कुठली? रबर कंपाउंड कोणाचं? धुलाई कुठे होते? पिशवीची फिल्म कोणाची? स्टरिलायझेशन कुठे? दोन साखळ्या जिथे एकत्र येतात, तिथे सुरक्षा साठा ठेवा किंवा तिसरा पर्याय आत्ताच व्हॅलिडेट (चाचण्यांनी सिद्ध) करायला घ्या. अडचण आल्यावर तो उभा राहत नाही.

साखळी किती मागे जाते त्याचं एक उदाहरण. २०१० मध्ये अमेरिकेत मॅकनील कंपनीने टायलेनॉल या वेदनाशामकासह अनेक औषधं कुबट वासामुळे परत मागवली. वासाचं मूळ होतं पॅकेजिंग मटेरियल ज्या लाकडी पॅलेटवरून यायचं, त्या लाकडावर वापरलेल्या रसायनात. ती औषधं इंजेक्शनची नव्हती, पण पॅलेटबद्दल आपण तरी व्हेंडरला कधी विचारतो?

बदल कळवण्याची अट फक्त पीओवर (खरेदी ऑर्डरवर) टाकणं

ड्रॉइंग तेच, मापं तीच, तरी व्हायल वेगळी असू शकते. मशीनचा वेग वाढवला, तळ तयार करताना ज्योत जास्त तापवली, की आतल्या पृष्ठभागाची रचना बदलते. काही औषधांमध्ये, विशेषतः जास्त पीएच किंवा फॉस्फेट, सायट्रेट बफर असेल तर, काही महिन्यांनी काचेचे पातळ पापुद्रे सुटू लागतात. २०१० मध्येच अ‍ॅमजेनने एपोजेन या इंजेक्शनचे काही लॉट अशाच पापुद्र्यांमुळे परत घेतले होते. माल आला त्या दिवशीच्या तपासणीत हे दिसत नाही.

क्वालिटी अ‍ॅग्रीमेंटमध्ये बदलांची यादी नावानिशी लिहा: सिलिकॉन ऑइल, मोल्ड, पिशवीची फिल्म, धुलाईचं मशीन, प्लांट, स्टरिलायझेशनची पद्धत आणि जागा. तुमच्या लेखी मंजुरीशिवाय बदललेला माल निघणार नाही, हेही त्यातच. वाफेऐवजी गॅमा आली तर रबराचे गुणधर्म बदलू शकतात, त्यामुळे ते स्टॉपर तुमच्यासाठी नवीन मटेरियल समजा. २८ डिसेंबर २०२३ ला अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एम (औषध उत्पादनाचे भारतातले नियम) नंतर तर व्हेंडर क्वालिफिकेशन ढिलं ठेवायला जागाच नाही.

ऑडिटमध्ये प्रेझेंटेशन बघून परतणं

तुमच्या स्टोअर्समध्ये पडलेल्या एखाद्या लॉटचा नंबर घेऊन जा आणि तिथे त्याचंच बॅच रेकॉर्ड काढायला लावा. रिजेक्ट मालाचा पिंजरा बघा, पिशवी सील होते तिथे थोडा वेळ उभे राहा. आयएसओ १५३७८ चं (औषधांच्या पॅकेजिंग मटेरियलच्या मानकाचं) प्रमाणपत्र चांगलंच, पण त्यावरचा प्लांटचा पत्ता आणि व्याप्ती वाचा.

माल उतरवताना

वेर्ण्याला किंवा तारापूरला जुलैत उतरलेलं ओलं कार्टन सुकवून आत घेऊ नका. क्वारंटाइन करा, क्यूएला (गुणवत्ता विभागाला) बोलवा. कार्टन कटरने उघडताना पातं खोल गेलं तर बाहेरची पिशवी चिरली जाते आणि ती चीर बहुतेक वेळा कोणी नोंदवत नाही. पातं कमी लांबीचं ठेवा आणि पिशवीचं सील उजेडासमोर धरून बघायची सवय लावा. स्टॉपर लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेल्या) औषधासाठी असतील तर ओलाव्याचा आकडा रिलीजच्या दिवसाचा नको, पिशवीची मुदत संपतानाचा मागा. नीट न सुकलेल्या रबरातला ओलावा पुढच्या काही महिन्यांत हळूहळू केकमध्ये (व्हायलमधल्या सुक्या औषधात) उतरतो.