जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: टाकायचं कसं, आणि अडलं तर बघायचं काय

दिवाळीच्या सुमारास पारोळ्याच्या आतेभावाचा फोन आला, “दादा, मन्हा लॅपटॉप मरी गया!” मेला नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्याचा लॅपटॉप विंडोज ११ घेईना, आणि स्क्रीनवर येणाऱ्या सूचनेलाच तो मृत्यूचा दाखला समजून बसला होता.

अशा मशीनवर मी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, टाकतो, आणि तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतो. सिनॅमन आवृत्ती दिसायला जास्त देखणी, पण ४ जीबी रॅमवर ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की तिला धाप लागते. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कागदोपत्री २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते. माझं मत विचाराल तर ४ जीबीच्या खाली हट्ट धरू नका.

आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवा

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट एकाच फाइलीत, उतरवा. ती ३ जीबीच्या आसपास असते, त्यामुळे पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. गावाकडे नेट मध्येच तुटतं, फाइल अर्धवट उतरते आणि मग भलत्याच ठिकाणी चुका दिसतात. म्हणून साइटवर दिलेला एसएचए २५६ चा लांबलचक आकडा आपल्या फाइलशी जुळवून बघा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, गेट-फाइलहॅश ही आज्ञा तो काढून देते. जुळला की रूफस या प्रोग्रामने फाइल पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो त्यात असतील तर आधी काढून घ्या.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना एफ १२ दाबत राहा. एचपीचा असेल तर एस्केप किंवा एफ ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की हार्डडिस्कला हात न लावता मिंट सुरू होतं. आता तासभर बसा. वायफाय दिसतं का, गाणं वाजतं का, टचपॅड नीट चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे बघा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. काही जुन्या वायफाय चिपांचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, तिथून वेगळा टाकावा लागतो. या तासाभरात जे चाललं नाही, ते टाकल्यावर आपोआप चालेल अशा भरवशावर राहू नका.

टाकताना

“डी ड्राइव्ह राहील ना?” हा प्रश्न मला हमखास येतो. सगळी डिस्क पुसण्याचा पर्याय निवडलात तर डी ड्राइव्हही जाईल. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. विंडोजही ठेवायचं असेल तर शेजारी टाकण्याचा पर्याय घ्या, पण त्याआधी विंडोजमध्ये दोन कामं उरका. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आणि पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि मिंटमधून त्या ड्राइव्हवरच्या फाइली वाचता येतात पण सेव्ह होत नाहीत.

पुढचं सोपं आहे. वेळेसाठी कोलकाता निवडा, पासवर्ड द्या, चहा घ्या. झालं की अपडेट मॅनेजर चालवा आणि टाइमशिफ्ट या प्रोग्राममध्ये एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर मागे जायला सिस्टिमची प्रत, काढून ठेवा. तो सिस्टिमपुरता असतो. फोटो आणि कागदपत्रं त्यात येतात असं धरून चालू नका.

अडलं की आधी घड्याळ बघा

आतेभावाचा महिन्याभराने परत फोन. वायफाय जोडलेलं, तरी प्रत्येक साइट असुरक्षित म्हणून उघडेना, अपडेटही नाकारलं जाई. मी म्हटलं, कोपऱ्यातली तारीख वाच. त्याने वाचली, ती कित्येक वर्षं मागची होती. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमची तारीख त्या मुदतीच्या बाहेर गेली की ब्राउझर साइटवर संशय घेतो. त्याच्या मदरबोर्डवरचा सेल उतरला होता. बऱ्याच मशीनमध्ये तो सीआर २०३२ असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. काही लॅपटॉपांत त्याला वायर लावलेली असते, तिथे मेकॅनिककडून बदलून घ्या. तोवर तारीख हाताने बसवली तरी काम भागतं.

घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलला दोष नाही. मशीनच्या आतल्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, आणि दोन्हींत फरक बरोबर साडेपाच तासांचा. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात की सकाळच्या दहाला साडेचार दिसतात. मिंटच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल, मग सेट-लोकल-आरटीसी, मग १, असं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा सोडून लिहा आणि एंटर मारा. भांडण मिटतं. एकटं मिंट असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

लाईट आणि ऊन

डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि ऐन कामात लाईट गेली, तर पुढच्या वेळी काळा पडदा आणि इनिट्रॅमएफएस असा शब्द दिसू शकतो. घाबरू नका. त्याच्या वर डिस्कच्या ज्या भागाचं नाव दिलेलं असतं, ते नीट वाचा. एफएससीके, जागा, वजा चिन्ह आणि वाय, जागा, मग ते पूर्ण नाव टाइप करा. तपासणी संपली की एक्झिट. बहुतेक वेळा मशीन उठून बसतं. आठवड्यात दोनदा असं झालं तर डिस्कच जायला आली असावी, आधी फाइली हलवा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की लॅपटॉप धाडकन बंद पडतो आणि शिव्या लिनक्सला बसतात. मी उघडलेला एक लॅपटॉप जिनिंगच्या ऑफिसातला होता. पंख्यामागे कापसाच्या तंतूंची अक्षरशः वाकळ जमली होती. ती काढली, लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणला, आणि तक्रार बंद झाली.

मराठी टायपिंग

सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, अधिकचं चिन्ह दाबून मराठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची अक्षरांची प्रमाण मांडणी, जोडा. भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवा. सवय व्हायला आठवडा लागतो, पण एकदा हात बसला की बघावं लागत नाही. जळगाव लिहायला पी, शिफ्टसकट एन, मग आय, ई, बी. घरी बोलताना आपण ळ चा खुशाल य करतो, केळीची केयी होते, पण अर्जात ळ च लागतो, आणि तो त्या शिफ्ट-एनवर आहे.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते शेतकऱ्याच्या ऱ्या वर. साधा र घेऊन पाय मोडला आणि य जोडला की रफार चढतो आणि शेतकऱ्याचा शेतकर्याचा होतो. म्हणून र घेताना शिफ्टसकट जे दाबा, मग डी ने पाय मोडा, मग तिरकी रेघ म्हणजे य, मग ई चा काना.