सेंट जॉनला मित्रांसोबत व्हिला घेताय? या चुका टाळा

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता माझ्या डोक्याला शाम्पू लावलेला होता. तेवढ्यात नळ दोनदा खोकला आणि पाणी गेलं. खिडकीबाहेर काठोकाठ भरलेला स्विमिंग पूल, त्याच्याखाली अख्खा कॅरिबियन समुद्र, आणि बाथरूममध्ये तांब्याभरही पाणी नाही. शेवटी पूलच्या पाण्यानेच डोकं धुतलं. क्लोरिनने केसांची जी काही दोरखंडं झाली ती घरी परतेपर्यंत तशीच होती.

हे सेंट जॉन बेटावरचं. आम्ही न्यू जर्सीतली चार जोडपी आणि एक सडाफटिंग, असे नऊ जण. यूएस व्हर्जिन आयलंड्समधल्या तीन मोठ्या बेटांपैकी हे सगळ्यात लहान, जेमतेम पन्नास चौरस किलोमीटर. १९१७ साली अमेरिकेने ही बेटं डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतली. १९५६ पासून सेंट जॉनचा निम्म्याहून जास्त भाग नॅशनल पार्कमध्ये आहे. त्यामुळे उंच हॉटेलं फारशी नाहीत, डोंगरउतारावरचे व्हिलेच जास्त. नेवार्कहून विमानाने साधारण चार तास. वर अमेरिकेचाच भाग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घेण्याची, स्टँपिंगची, भानगड नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी ग्रुपांमध्ये या बेटाचं नाव निघतं ते मुख्यतः त्यासाठी.

दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला जे जे चुकलं तेच खाली लिहिते आहे.

पाणी कुठून येतं हे न विचारणं

बेटावर बारमाही नदी नाही. बहुतेक घरांच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून घराखालच्या टाकीत जातं आणि पंप ते नळाला चढवतो. टाकी हा तिथल्या घराचा पायाच असतो, बांधकामाच्या नियमातच ती आहे. पाऊस पडला नाही आणि टाकी आटली की टँकर मागवायचा. हो, टँकरच. हा शब्द कानावर पडल्यावर आमच्यातला लातूरचा मित्र कॉफीचा मग खाली ठेवून उठला.

पाणी गेलं की आधी बघायचं, वीज आहे का. वीज नसेल तर पंप बंद, म्हणून नळ बंद. बाकी काही बिघडलेलं नाही, फक्त कमोड फ्लश करायचा तो जपून. बेटावर वीज अधूनमधून जाते. जनरेटर आहे का आणि तो पंपाला जोडलेला आहे का, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. दोन्ही बुकिंगच्या आधी विचारा. वीज असून एकाच नळाला धार बारीक असेल तर त्या नळाची जाळी कचऱ्याने भरलेली असते. सगळ्याच नळांची धार हळूहळू बारीक होत गेली असेल तर पंपाजवळचा फिल्टर बघायला सांगा. वीज आहे, पंप घरघरतो आहे आणि नळातून नुसती हवा येते आहे, अशी वेळ आली तर आधी पंपाचा खटका बंद करा. कोरडा पंप चालू राहिला तर जळतो. मग मालकाला फोन.

आमच्याकडे यातला हा शेवटचा प्रकार झाला होता. लातूरकराने अंगणातलं टाकीचं झाकण उघडलं, झाडूचा दांडा आत सोडला आणि बाहेर काढून बोटाने ओल मोजली. चार बोटं. नऊ माणसं, दोन रात्रींत चार वेळा लावलेलं वॉशिंग मशीन, हे धरूनही एवढं पाणी कसं संपलं याचा उलगडा त्यानेच केला. तिन्ही बाथरूमच्या फ्लशटाकीत त्याने चिमूटभर हळद टाकली आणि दहा मिनिटं कुणालाही आत जाऊ दिलं नाही. दोन भांडी पांढरीशुभ्र, तिसरं पिवळं. आतला रबरी पडदा नीट बसत नव्हता, रात्रंदिवस पाणी गळून चाललं होतं. आवाज येत होता, पण तो आम्हाला समुद्राचा वाटला.

टँकर दुपारी आला. पैसे कुणी द्यायचे यावर मालकाशी तासभर फोनाफोनी झाली. आता आम्ही करारातच बघून घेतो की टँकरचा खर्च कुणाचा. पोहोचल्या दिवशी दांडा, हळद आणि दोन बादल्या भरून ठेवणं, एवढं आधी करतो. पूल नंतर.

कागदपत्रांचा गाफीलपणा

जाताना विमानतळावर कुणी काही विचारत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. खरी तपासणी येताना आहे. ही बेटं अमेरिकेच्या कस्टम्स हद्दीबाहेर धरली जातात, त्यामुळे शेजारच्या सेंट थॉमस बेटाच्या विमानतळावर मुख्य भूमीकडे निघणाऱ्या प्रत्येकाला कस्टम्सच्या अधिकाऱ्यापुढून जावं लागतं. तुमचं स्टेटस तिथे विचारतात. पासपोर्ट, आय-७९७ची (व्हिसा अर्ज मंजूर झाल्याच्या पत्राची) मूळ प्रत, ग्रीन कार्ड, जे असेल ते जवळ हवं. ‘डोमेस्टिक फ्लाइट आहे’ म्हणून ड्रायव्हिंग लायसन्सवर आलेला आमचा एक महाभाग तिथे बराच वेळ बाजूच्या खुर्चीत बसला होता.

दुसरा सापळा जास्त वाईट आहे, कारण तो मजेच्या वेशात येतो. समोरच दिसणारं टोर्टोला, पलीकडचं योस्ट व्हॅन डाइक ही ब्रिटिश बेटं आहेत. तिथे दिवसभराच्या बोट सहलीला नेणारे सेंट जॉनच्या मुख्य गावात, क्रूझ बेच्या धक्क्यावर पावलोपावली भेटतात. पण त्या बोटीत चढलात की तुम्ही अमेरिका सोडली. परत येताना वैध व्हिसा लागणार. कॅनडा किंवा मेक्सिकोला महिनाभराच्या आत जाऊन येताना संपलेल्या स्टँपवर जी सवलत एच-१बीवाल्यांना मिळते, ती या बेटांना लागू नाही. स्टँप संपलेला असेल तर किनाऱ्यावरून हात हलवा आणि खाली बसा.

मोबाइलही असाच आपोआप परदेशी जातो. उत्तर किनाऱ्यावर आणि कोरल बेकडे फोन टोर्टोलाचा टॉवर पकडतो आणि आंतरराष्ट्रीय रोमिंगचं मीटर चालू होतं. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये स्वागत करणारा मेसेज आला की डेटा रोमिंग लगेच बंद करा.

संध्याकाळी पोहोचणं

सेंट जॉनवर विमानतळ नाही. सेंट थॉमसला उतरायचं, टॅक्सीने बेटाच्या दुसऱ्या टोकाला रेड हुकला जायचं, तिथून वीसेक मिनिटांची फेरीबोट पकडून क्रूझ बे. टॅक्सीचं भाडं गाडीमागे नसून माणशी असतं, त्यामुळे नऊ जणांच्या हिशोबाने आधीच मन घट्ट करा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर त्या डोंगरात व्हिला शोधणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. जीपीएस ज्याला रस्ता म्हणतं तो कधी कधी पाण्याचा ओहोळ निघतो. मालकाने पाठवलेलं ‘निळ्या टपालपेटीनंतर दुसरं वळण’ हेच खरं, आणि निळा रंग अंधारात निळा दिसत नाही. दुपारी दोनच्या आत उतरणारं विमान मिळत नसेल तर पहिली रात्र सेंट थॉमसला काढा.

गाडीही आधीच ठरवा, आणि जीपच घ्या. चढ असे की समोर फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं. तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात. ‘आपण तर पुण्यात वाढलो, आपल्याला काय त्याचं!’ असं आमचे हे म्हणाले आणि पहिल्याच वळणावर उजवीकडे घुसले. कारण बाजू भारतातली असली तरी गाड्या अमेरिकेतल्या, स्टिअरिंगही डावीकडेच. चालक रस्त्याच्या कडेला, दरीच्या बाजूला बसतो आणि त्याला पुढच्या गाडीपलीकडचं काही दिसत नाही. शेजारी बसणाऱ्याने सांगत राहायचं, आणि पहिले दोन दिवस तरी त्याने डुलकी काढायची नाही. वळणावर गाढवं उभी असतात, ती हॉर्नला भीक घालत नाहीत. साखरेच्या मळ्यांच्या काळात कामाला आणलेल्या गाढवांचे हे वंशज आता मोकाट फिरतात. मुंगूसही तसंच. उसातले उंदीर मारायला म्हणून आपलं मुंगूस त्या बेटांवर नेलं. उंदीर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा. दोघंही अजून सुखात आहेत.

स्वयंपाक, खोल्या आणि रुसवे

बेटावर जवळपास सगळा किराणा जहाजाने येतो, त्यामुळे भाव ऐकून घाम फुटतो. आता आम्ही डाळ, तांदूळ, पोहे, मसाले आणि तीन लिटरचा कुकर बॅगेतून नेतो. दूध, अंडी, भाजी सेंट थॉमसच्या मोठ्या दुकानात घेऊन मगच पलीकडे जातो. गाडी सेंट थॉमसहूनच भाड्याने घेतली तर ती बार्जवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर, चढवून सामानासकट नेता येते.

पण पहिल्या खेपेला बिघडलं ते भावामुळे नाही. ‘सगळे मिळून करू’ असं ठरलं होतं. सगळे मिळून म्हणजे दोघीजणी, हे दुसऱ्या दिवशी कळलं. बाकीचे पूलमध्ये उभं राहून ‘अजून काय मदत करू?’ असं विचारत होते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार, कांदा चिर? चौथ्या दिवशी एका मैत्रिणीने उपमा टेबलावर ठेवला आणि कुणाशी न बोलता एकटीच समुद्रावर निघून गेली. दुसऱ्या खेपेला फ्रिजवर कागद लावला. रोज एक जोडपं स्वयंपाकाला, एक भांड्यांना, एक दिवस सक्तीने बाहेर जेवण. सडाफटिंग कचऱ्याला. घराघरातून कचरा न्यायला कुणी येत नाही, रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांपर्यंत आपणच गाडीतून न्यायचा. तो गेला नाही की दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते.

खोल्यांचंही तसंच. फोटोत चारही बेडरूम सारख्या दिसतात. प्रत्यक्षात एका खोलीतून सूर्योदय दिसतो आणि एका खोलीतून पंपाची खोली. सारखे पैसे भरून पंपाशेजारी झोपलेलं जोडपं आठवडाभर हसून बोलतं, पण ते हसणं वेगळं असतं. घराचा नकाशा मागवा, खोलीप्रमाणे दर लावा आणि पैसे भरण्याआधीच खोल्या वाटून मोकळे व्हा.

किनारा न बघता किनाऱ्यावर जाणं

ट्रंक बे, माहो बे, सिनॅमन बे हे प्रसिद्ध किनारे उत्तरेला आहेत. हिवाळ्यात उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात, तेव्हा तिथलं पाणी गढूळ होतं आणि स्नॉर्कलिंगची मजा जाते. त्या दिवशी दक्षिणेला सॉल्ट पाँड बेकडे जा. वसंत आणि उन्हाळ्यात उलटं: दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याला तपकिरी समुद्रशेवाळ लागतं, ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तेव्हा उत्तर बरी. माहोला समुद्री गवत चरणारी कासवं बघायची तर सकाळी लवकर पोहोचा, नंतर गाडी लावायला जागा उरत नाही. कासवांपासून लांब राहा.

ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट किंवा ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर तिथे २०२० पासून बंदी आहे. प्रवाळ मरतात म्हणून. झिंक ऑक्साइडचं घ्या. त्याहून सोपं म्हणजे लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट.

आणि किनाऱ्यावरच्या एका झाडापासून सावध. मँचिनील. फळ अगदी लहान हिरव्या सफरचंदासारखं, वास गोड. चिकाने कातडीला फोड येतात. बिब्बा उतावा तसं, पण त्याहून वाईट. फळ तर तोंडात घालूच नये. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहू नका, पानांवरून ओघळणारं पाणीही भाजतं. काही ठिकाणी पाटी असते, सगळीकडे नसते. मुलं सोबत असतील तर पहिल्या दिवशीच दाखवून ठेवा. संध्याकाळची चिलटं त्यामानाने गरीब, पाय झाकले की झालं.

स्वस्त आठवडा

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्हिल्यांचे दर खाली येतात, ते उगाच नाही. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि हे दोन महिने त्यातल्या धोक्याच्या काळातले. २०१७ च्या सप्टेंबरात दोन आठवड्यांच्या अंतराने इर्मा आणि मारिया अशी दोन वादळं आली. इर्माने तर सेंट जॉनवरची छपरंच उडवून नेली. शिवाय त्या दिवसांत बरीच खानावळी-दुकानं सुट्टीवर असतात. विमा घ्यायचा तर बुकिंगच्याच दिवशी घ्या. वादळाचं बारसं झाल्यावर घेतलेल्या विम्यात ते वादळ धरत नाहीत. आम्हाला मानवला तो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा ते डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ. मुलांची शाळा बुडते, पण नाताळच्या आठवड्याचे दर ऐकल्यावर शाळा बुडालेली परवडते.

नमस्काराआधी काम सांगणं

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तिथे दुकानात शिरल्याबरोबर ‘आइस आहे का?’ असं विचारलंत तर दुकानदार बाई तुमच्याकडे बघतही नाहीत. आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’, उत्तर येऊ द्यायचं, मग काम. अंधार पडल्यावर भेटतानाही ‘गुड नाईट’ म्हणतात, त्याला निरोप समजून मागे फिरू नका. आम्ही फिरलो होतो.

निघायचा दिवस बहुधा शनिवार असतो, कारण अनेक व्हिले शनिवार ते शनिवार मिळतात. म्हणजे अर्धं बेट एकदमच निघतं. बार्जची रांग, भाड्याची गाडी परत करणं आणि विमानतळावरची कस्टम्सची रांग, सगळं धरून विमानाच्या तीन तास आधी पोहोचा. ताजी फळं बॅगेत ठेवू नका, शेतीमालाची तपासणी असते. क्रूझ बेच्या बाजारात घेतलेली आमची दोन सीताफळं तिथेच राहिली. अधिकाऱ्यांना आम्ही आधी ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं होतं, तरीही.