मृगाआधी ट्रॅक्टरची शेड: पैसा आधी जमिनीत घाला, मग भिंतीत

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागतं, मृग 7-8 जूनला. घराशेजारी ट्रॅक्टरसाठी शेड बांधायची असेल, तर तारखांचा हिशोब मृगापासून उलटा करा. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि त्याची पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात. म्हणजे शेडची काँक्रीटची जमीन 10 मेपर्यंत ओतून झाली, तरच मृगाला ट्रॅक्टर बिनधास्त आत घेता येतो. जूनमध्ये घाईने ओतलेल्या काँक्रीटवर आठव्या दिवशी रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं, फिरत्या पात्यांचं जड अवजार) टेकवला, तर पहिली चीर तिथेच पडू शकते.

जागा ठरवण्याआधी माप घ्या, तेही अवजार जोडलेल्या ट्रॅक्टरचं. 40 ते 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण 11 ते 12 फूट लांब असतो. मागे रोटाव्हेटर लावला की लांबी 15-16 फुटांवर जाते. बरेच जण नुसत्या ट्रॅक्टरचं माप धरतात. मग पावसाळाभर रोटाव्हेटर बाहेर भिजतो, नाहीतर दार उघडं राहतं. आतून 22 फूट लांब आणि 14 फूट रुंद शेड असेल, तर दोन्ही बाजूंनी माणूस ग्रीस गन घेऊन फिरू शकतो. दार 10 फूट रुंद आणि तेवढंच उंच ठेवा. सायलेन्सरच्या टोकाची आणि ट्रॅक्टरला छत असेल तर त्याचीही उंची आधी मोजा. ट्रॉलीसाठी बाजूला नुसता पत्र्याचा पडवीवजा निवारा पुरतो.

आता जमीन. माझं ठाम मत आहे की शेडच्या खर्चात हात आखडायचाच असेल, तर भिंतीत आखडा, जमिनीत नको. मराठवाडा-विदर्भातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं, तर ते एक-दोन पावसाळ्यांत वर-खाली होतं. शेडच्या जागेतली काळी माती निदान दोन फूट काढा. तिथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून आणि धुमसून भरा. वर दगडाचं सोलिंग, म्हणजे हाताने रचलेल्या दगडांचा थर, करा, त्यावर पाच-सहा इंच काँक्रीट घाला. हा ओटा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच हवा. दीड फूट चढायला उतरंड 12 फूट लांब ठेवा. आखूड ठेवली तर अवजार जोडलेला ट्रॅक्टर चढताना पुढची चाकं हलकी होतात. आतल्या जमिनीला मागच्या भिंतीपासून दारापर्यंत अडीच-तीन इंच उतार द्या आणि दाराच्या आत आडवी नाली काढून ती बाहेरच्या चरात सोडा. शेडभोवती चर खणलेला नसेल, तर ओटा कितीही उंच असो, छपराचं पाणी पायालाच मुरत राहतं.

दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा, कारण मान्सूनच्या सरी नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात. पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू, हवेसाठी वर ठेवायची जाळी सोडली तर, बंद असावी. पत्र्याला सहा फुटांमागे निदान एक फूट उतार हवा. कोकणात तो आणखी वाढवा. पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर, वॉशर घालून मारा, खोलगट भागात नको, कारण पाणी तिथूनच झिरपतं. मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात खांबाच्या मुळाशी जोर नसेल, तर पत्र्यांसकट छप्पर उखडू शकतं, म्हणून लोखंडी खांब अडीच-तीन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवा. छपराची पागोळी दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका. समुद्राकाठी खारी हवा लोखंड खाते, तिथे जांभ्याचे खांब आणि भिंती बऱ्या. लोखंड वापरलंच, तर दरवर्षी रंग लावायचा.

आतली व्यवस्था साधी ठेवा. मागच्या भिंतीवर पाने आणि टॉप लिंक (अवजार ट्रॅक्टरला वरच्या बाजूने जोडणारा दांडा) टांगायला खुंट्या, एक मजबूत टेबल आणि दिव्यासाठी एक चांगली जागा एवढं बस्स. वीज घेताना अर्थिंग आणि विजेची गळती झाल्यावर आपोआप बंद पडणारा ब्रेकर हे दोन्ही बसवाच. पत्र्याच्या शेडमध्ये उघडी वायर पत्र्याला लागली, तर अख्ख्या शेडमध्ये वीज उतरते आणि ओल्या पायांनी आत शिरणारा माणूस दगावू शकतो. दाराजवळ पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवा. कडबा, गोणपाट आणि धान्य त्याच शेडमध्ये साठवू नका. ते पेट घेतं आणि उंदीरही बोलावतं. उंदीर आले की वायरिंग कुरतडली जाते आणि त्यांच्या मागोमाग साप येतो. युरियाची आणि इतर खतांची पोतीही वेगळीकडे ठेवा. खताची ओल पत्रा आणि लोखंड दोन्ही गंजवते.

दार बंद असताना इंजिन कधीही चालू ठेवू नका. धुरातल्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. त्यासाठी समोरासमोरच्या दोन भिंतींत वरच्या बाजूला जाळी ठेवा. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली हात किंवा डोकं घालू नका, पाती बदलायची असली तरी नाही. खाली भक्कम ठोकळे लावल्याशिवाय हात लावायचा नाही. ट्रॅक्टर उभा करताना अवजार जमिनीवर टेकवा, हँडब्रेक ओढा आणि किल्ली काढून घ्या. घरातली मुलं खेळायला तिथेच येतात.

पेरणी आटोपल्यावर ट्रॅक्टर काही आठवडे उभा राहणार असेल, तर डिझेलची टाकी भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली ओल पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड साफ करून व्हॅसलीन लावा आणि जोडणी सोडवताना निगेटिव्ह वायर आधी सोडा. नांगराचे फाळ आणि रोटाव्हेटरची पाती माती धुऊन, वाळवून, त्यांवर तेलाचा हात फिरवून ठेवा.

यंदा काँक्रीट जमत नसेल, तर ओट्यापुरता मुरूम दीड फूट भरून धुमसा आणि वर चार खांबांवर पत्रा टाका. जमीन पुढच्या वर्षी होईल. ताडपत्री मात्र ट्रॅक्टरला गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि गंज चढतो. ताडपत्री बांधायचीच असेल, तर खांबांना पश्चिमेच्या बाजूने पडद्यासारखी बांधा आणि खाली हातभर फट ठेवा, म्हणजे वारा खेळता राहील.