मुलाखतींचं कोडिंग: गुणात्मक संशोधन शिकताना गाडी नेमकी अडते कुठे

गुणात्मक संशोधन, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यातून अर्थ शोधणारं संशोधन, शिकायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "आधी भरपूर वाचून घ्या." या सल्ल्यापायी वर्षभर ज्ञानमीमांसेची (ज्ञान म्हणजे काय, ते कसं मिळतं याच्या तत्त्वज्ञानाची) पुस्तकं वाचून एकही मुलाखत न घेतलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. माझं सांगणं वेगळं आहे. तीन मुलाखती घ्या, त्या शेवटपर्यंत तडीस न्या आणि वाचन सोबत चालू ठेवा. विषय ठरलाय, संमतीपत्र तयार आहे आणि रेकॉर्डर तपासलाय, असं धरून पुढचं लिहितो.

१. प्रश्न. उत्तरात आकडा येणार असेल तर सर्वेक्षण करा. इथे प्रश्न "कसं" असा विचारणारा हवा. या लेखापुरता एक घेऊ: घरातल्या आजारी माणसाची काळजी घेणारे लोक आपली रात्र कशी काढतात?

२. मुलाखत. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की मत मिळतं, आणि मत बहुतेक वेळा ऐकीव असतं. "काल रात्री काय काय झालं, जेवण झाल्यापासून सांगा" असं म्हटलं की प्रसंग मिळतो. "का?" हा शब्द शक्यतो टाळा, कारण समोरचा माणूस लगेच स्वतःचं समर्थन करायला लागतो. तो थांबला तर तुम्हीही थांबा. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी खोली, आवाज, कोण मध्येच येऊन गेलं, हे सगळं लिहून काढा. सकाळपर्यंत त्यातलं अर्धं विरतं.

३. शब्दांकन, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः लिहून काढणं. पहिल्या तीन मुलाखतींचं स्वतः करा. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास सहज लागतात, आणि ते लागू द्यावेत. यंत्राकडून कच्चा मसुदा घेतलात तरी पूर्ण ऐकून दुरुस्त करा. थांबणं, हसणं, आवाज खाली जाणं यांची नोंद यंत्र धड ठेवत नाही, आणि पुष्कळदा अर्थ तिथेच असतो.

४. कोडिंग, म्हणजे मुलाखतीच्या एकेका तुकड्याला त्याचा अर्थ सांगणारं छोटं नाव, कोड, देणं. लेख लिहायला बसलो तो या पायरीसाठी.

माझ्या पहिल्या अभ्यासात चौदा मुलाखती होत्या. मला सांगितलं गेलं होतं, "ओळीओळीला कोड द्या, थीम आपोआप वर येतील." थीम म्हणजे अनेक कोड जोडून हाती येणारा मोठा अर्थ. मी तीन महिने कोड देत राहिलो. दोनशेच्या वर कोड झाले: "झोप", "औषधं", "नातेवाईक", "पैसा", "ताण". मग त्यांचे गठ्ठे बांधले आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक प्रकरण लिहिलं. मार्गदर्शकांनी वाचून एकच प्रश्न विचारला: "हे तर तुमच्या प्रश्नावलीचेच मथळे आहेत. लोकांनी नवीन काय सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळं काम पुन्हा करावं लागलं.

चूक कुठे झाली, हे कळायला मला फार वेळ लागला. मी दिलेले शब्द विषयांची नावं होती. "झोप" हा कोड बोलणं कशाबद्दल आहे तेवढं सांगतो, बोलणारा काय म्हणतोय किंवा काय करतोय ते सांगत नाही. मुलाखतीत विषय कुठले येणार हे आपणच प्रश्न विचारून ठरवलेलं असतं, त्यामुळे विषयांची यादी बनवून हाती नवीन काहीच लागत नाही.

एक वाक्य जवळून पाहू. आजारी आईची काळजी घेणारी एक बाई म्हणाली होती:

"आता मी रात्री खोलीचं दार लावत नाही. तिनं हाक मारलीच तर ऐकू यायला हवी ना. तशी ती मारत नाही कधी."

माझा पहिला कोड होता "झोपेच्या सवयी". तो चुकीचा नाही, निरुपयोगी आहे. दुसऱ्या फेरीत मी लिहिलं, "झोपेतही कान उघडा ठेवणं". आता ती काय करते आहे ते दिसायला लागलं. शेवटच्या वाक्याला मी पहिल्यांदा कोडच दिला नव्हता, ते मला फालतू वाटलं होतं. तिथे नंतर लिहिलं, "न येणाऱ्या हाकेसाठी तयार राहणं". पुढे त्या एका कोडवर अख्खं प्रकरण उभं राहिलं.

यातून जे नियम मी आजही पाळतो ते असे. कोडच्या शेवटी "-णं" आलं पाहिजे: राखणं, लपवणं, तडजोड करणं, दुसऱ्याच्या नावावर ढकलणं. ग्राउंडेड थिअरीच्या, म्हणजे गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत घडवण्याच्या, परंपरेत अशा क्रियावाचक कोडचा आग्रह धरला जातो, आणि मराठीत तर तो अगदी सहज जमतो. "-णं" लावता येत नसेल तर तुम्ही पुन्हा विषयाचं नाव लिहिलंय असं समजा. दुसरं, मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत कोड द्या. "कान उघडा ठेवणं" याचं "मॉनिटरिंग" केलं की त्यातली अर्धवट झोप निघून जाते आणि उरतं ते दवाखान्यातलं यंत्र. भाषांतर लेखाच्या वेळी करा. तिसरं, माणसानं स्वतःच चपखल शब्द वापरला असेल तर तोच कोड म्हणून उचला. तुमची परिभाषा त्याहून सरस असेलच असं नाही.

चौथी गोष्ट मेमो, आणि तिच्यात सवलत नाही. कोड देताना मनात आलेला विचार तिथल्या तिथे, तारखेसह, पूर्ण वाक्यात लिहा. "हाक येत नाही हे तिला माहीत आहे. मग दार उघडं कोणासाठी? आईसाठी की स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी?" हा माझा त्या दिवसाचा मेमो. नुसत्या कोडच्या यादीवरून हा प्रश्न मला सहा महिन्यांनी पुन्हा सुचला नसता.

आणि सगळ्या मुलाखती संपल्यावर कोडिंगला बसू नका. बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी रुग्णालयांमधल्या मृत्यूचा अभ्यास करताना जी ग्राउंडेड थिअरीची पद्धत घडवली आणि १९६७ मध्ये मांडली, तिचा गाभाच हा आहे की माहिती गोळा करणं आणि तिचं विश्लेषण हातात हात घालून चालावं. पहिल्या मुलाखतीचं कोडिंग झाल्यावर दुसरीला गेलात तर विचारायला नवा प्रश्न असतो. मी दाराबद्दल दुसऱ्या कोणालाच विचारलं नव्हतं, कारण दार माझ्या लक्षात आलं तेव्हा चौदाही मुलाखती संपल्या होत्या.

सॉफ्टवेअरबद्दल एवढंच: एनव्हिवो, ॲटलास डॉट टीआय, मॅक्सक्यूडीए ही चांगली कपाटं आहेत. विश्लेषण मात्र तुमचं तुम्हीच करा. पहिल्या तीन मुलाखती कागदावर, समासात पेन्सिलीनं करा.

५. थीम. "थीम आपोआप वर येतात" हे वाक्य कृपया कोणाला शिकवू नका. थिमॅटिक ॲनालिसिसच्या, म्हणजे थीमवर आधारलेल्या विश्लेषणाच्या, सहा पायऱ्या २००६ मध्ये मांडणाऱ्या व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनीच या भाषेला हरकत घेतली आहे. थीम संशोधक घडवतो, आणि म्हणून तिची जबाबदारीही त्याचीच.

माझी कसोटी साधी आहे. थीम पूर्ण वाक्यात लिहा आणि विचारा, "हे खोटं ठरू शकतं का?" "काळजीवाहकांची झोप" हे खोटं ठरूच शकत नाही, म्हणून ती थीम नाही. "काळजी घेणाऱ्यांसाठी रात्रीचं मुख्य काम म्हणजे तयार राहणं, प्रत्यक्ष मदत लागो वा न लागो" हा दावा आहे, आणि तो तपासता येतो. त्याच्याशी न जुळणारं माणूस मुद्दाम शोधा. मला एक गृहस्थ सापडले. ते दार लावून, फोन बंद करून झोपायचे. म्हणाले, "मी झोपलो नाही तर सकाळी तिच्यावरच चिडतो." त्यांना अपवाद म्हणून बाजूला ठेवायचा मोह होता. पण नीट पाहिलं तर त्यांची झोपसुद्धा सकाळची तयारीच होती. थीम मोडली नाही, पण दावा बदलला: तयारी जागं राहूनच होते हे माझं गृहीतक निघालं. असा माणूस सापडेपर्यंत थीम पक्की झाली असं मी मानत नाही.

६. किती मुलाखती? "बारा पुरतात" असं सगळीकडे ऐकू येतं. हा आकडा मुख्यतः ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासातून आला. घाना आणि नायजेरियातल्या साठ महिलांच्या मुलाखती तपासताना त्यांना दिसलं की जवळजवळ सगळे कोड पहिल्या बारा मुलाखतींतच सापडले होते. पण त्या महिलांची परिस्थिती बरीच सारखी होती, प्रश्नही नेमके आणि सर्वांना सारखेच होते. तुमचे लोक एकमेकांपासून खूप वेगळे असतील तर त्या बाराचा आधार घेऊ नका. शेवटच्या दोन-तीन मुलाखतींनी तुमच्या दाव्याला धक्का दिला का, ते पाहा. दिला असेल तर अजून थांबायची वेळ आलेली नाही.

७. लेखन. प्रत्येक परिच्छेदात आधी तुमचा दावा, मग अवतरण, मग त्या अवतरणातला नेमका कुठला शब्द दावा पेलतो ते. एकामागून एक पाच अवतरणं ठेवून "यावरून स्पष्ट होते की" असं लिहू नका. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. आजार, व्यवसाय आणि मुलांची संख्या एकत्र आली की शेजारी माणूस ओळखतो. मी अवतरण छापण्याआधी प्रत्येक वाक्य त्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नजरेनं वाचतो, आणि जिथे शंका येते तिथे तपशील काढून टाकतो, मग ते अवतरण कितीही सुंदर असो.