पुढचा भाग हवाय? मग या चुका टाळा

सुपरहिरोपट आपटला की चौथ्या-पाचव्या दिवशी मला ठरलेला मेसेज येतो. "दादा, सिक्वेल करणार नाहीत म्हणे. पिटिशन टाकूया का?" गेली बारा-तेरा वर्षं मी अशा मोहिमांत आहे. पोस्टरं केलीत, हॅशटॅगच्या वेळा ठरवल्यात, रात्री तीनला उठून ट्रेंड मोजलेत. बहुतेक मोहिमा पाण्यात गेल्या, आणि का गेल्या हे कळायला मला जरा जास्तच वेळ लागला. नवीन मुलं येतात ती त्याच खड्ड्यात पडतात, आणि वर मलाच थकलेला म्हणतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी मेसेज आला की हेच पाठवून देईन.

गोंगाटाला गल्ला समजणं

ही सगळ्यात जुनी चूक, आणि मी ती स्वतः केली आहे.

२०१२च्या सप्टेंबरात 'ड्रेड' आला. काटेकोर बोलायचं तर ड्रेड सुपरहिरो नव्हे, पण कॉमिक्सचाच नायक आणि आमच्या गटाचं दैवत. अमेरिकेत पहिल्या वीकेंडला त्याने सुमारे ६३ लाख डॉलर कमावले. जगभरातलं सगळं धरून आकडा ४ कोटी १० लाखांच्या आसपास थांबला. मग डिस्क बाजारात आली आणि लोकांना हा चित्रपट सापडला. विक्री जोरात झाली, सिक्वेल मागणाऱ्या पिटिशनवर लाखावर सह्या पडल्या, ज्या साप्ताहिकात ही कॉमिक्स छापून येतात त्यांनीही मोहिमेला पाठिंबा दिला. आम्ही तर पेटलोच होतो. कामाच्या पाळ्या लावल्या होत्या. कोण सकाळी पोस्ट टाकणार, कोण रात्री, कोण निर्मात्यांना टॅग करणार, सगळं ठरलेलं.

एका रात्री मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी गटात विचारलं, "खरं सांगा, थिएटरात कुणी कुणी पाहिला?" आम्ही चाळीसेक जण होतो. थिएटरात पाहणारे निघाले चार. त्यातल्या एकाचं तिकीट दुसऱ्याने काढलेलं. बाकीच्यांनी तो 'कुठेतरी' पाहिला होता, आणि कुठेतरी म्हणजे कुठे हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मी स्वतः मित्राच्या हार्ड डिस्कवरून पाहिला होता, तोही दोनदा. रोज तीन-तीन तास मोहिमेत घालवणारा मी, आणि ज्यांच्याकडे मागणी करत होतो त्यांच्या हिशेबात माझ्या नावावर एक पैसाही जमा नव्हता. त्या रात्री गट फार शांत झाला. सिक्वेल आजतागायत आलेला नाही.

हिशेब समजून घ्या, अवघड नाही. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाले ठेवतात. चीनमध्ये तर परदेशी स्टुडिओच्या हाती जेमतेम चौथा हिस्सा येतो. बातम्यांत चित्रपटाचं जे बजेट छापून येतं त्यात जाहिरातीचा खर्च बहुधा धरलेला नसतो. म्हणून बजेटच्या दोन-अडीच पट गल्ला जमला तर चित्रपट तरला, असा धंद्यातला ढोबळ आडाखा आहे. आणि हा अंदाज बांधायला कुणी वर्षभर थांबत नाही. पहिला वीकेंड, मग दुसऱ्या वीकेंडची घसरण, एवढ्यावर मत बनतं. 'कॅप्टन मार्व्हल'ने २०१९ मध्ये ११३ कोटी डॉलर कमावले. त्याचा पुढचा भाग 'द मार्व्हल्स' २०२३ मध्ये आला, दुसऱ्या वीकेंडला अमेरिकेत ७८ टक्क्यांनी घसरला आणि २० कोटी ६० लाखांवर संपला. आता त्याच्या पुढच्या भागासाठी कितीही सह्या गोळा करा.

माझी सवय सांगतो. ज्याचा पुढचा भाग हवाच असं वाटतं तो मी पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढून पाहतो. आवडला तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जातो, पण कॉमिक्स कधी हातात न धरलेल्या माणसाला सोबत घेऊन. दहा चाहते दहादा बोलण्यापेक्षा असा एक माणूस खुर्चीत बसवणं जास्त कामाचं असतं. आणि लीक झालेली प्रत पाहून "आम्ही कट्टर चाहते" म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, सरळ गटातून काढतो. कठोर वाटलं तर वाटू दे.

स्नायडर कटचा उलटा धडा घेणं

"स्नायडर कट मिळाला ना? मग हेही मिळेल." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मिळाला, खरंय. मुलीच्या मृत्यूनंतर मे २०१७ मध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडर 'जस्टिस लीग'मधून बाजूला झाला, जॉस व्हीडनने चित्रपट पुरा केला, आणि नोव्हेंबरात जे पडद्यावर आलं ते पाहून लोक चिडले. मग स्नायडरच्या मूळ आवृत्तीची, म्हणजे 'स्नायडर कट'ची, हॅशटॅग लावून मागणी सुरू झाली. २०१९च्या नोव्हेंबरात चित्रपटातल्याच बेन ॲफ्लेक आणि गॅल गॅडोट यांनीही तोच हॅशटॅग टाकला. मे २०२०मध्ये घोषणा झाली आणि १८ मार्च २०२१ला चार तासांची आवृत्ती आली. एवढी गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

पण त्या वेळी बाकी काय काय जुळून आलं होतं तेही पाहा. चित्रीकरणाचा मोठा भाग आधीच डब्यात होता, नवा चित्रपट मुळापासून उभा करायचा नव्हता. घोषणा झाली त्याच महिन्यात वॉर्नर स्टुडिओची एचबीओ मॅक्स ही स्ट्रीमिंग सेवा सुरू होत होती आणि तिला वर्गणीदार हवे होते. तरी हे काम पुरं करायला सुमारे ७ कोटी डॉलर लागल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे अर्धं तयार काहीतरी होतं, आणि स्टुडिओला स्वतःची गरज होती. चाहत्यांनी दार वाजवलं तेव्हा आतल्या माणसालाही बाहेर यायचंच होतं. त्यानंतर त्याच लोकांनी, त्याच जोराने स्नायडरचे पुढचे भाग मागितले. यातलं काहीही जुळलेलं नव्हतं, आणि काहीही मिळालं नाही.

'डेडपूल'ची गोष्ट तशीच. जुलै २०१४ मध्ये चाचणीसाठी केलेलं फुटेज बाहेर फुटलं, लोक वेडे झाले, सप्टेंबरात फॉक्सने चित्रपटाची तारीख जाहीर केली. फुटेज दोनेक वर्षं पडून होतं, नायक आणि दिग्दर्शक तयार होते, आणि बजेट ५ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे सुपरहिरोंच्या दुनियेत चिल्लर. २०१६ मध्ये त्याने ७८ कोटी कमावले. 'गार्डियन्स'चा दिग्दर्शक जेम्स गन याला जुलै २०१८ मध्ये डिस्नेने काढलं तेव्हा त्याला परत घ्या म्हणणाऱ्या पिटिशनवर चार लाखांवर सह्या झाल्या, हेही मला सुनावलं जातं. पण सगळ्या मुख्य कलाकारांनी जाहीर पत्र काढून त्याची बाजू घेतली होती आणि तिसऱ्या 'गार्डियन्स'ची पटकथा लिहून झालेली होती. मार्च २०१९ मध्ये तो परत आला तो नुसत्या सह्यांच्या जोरावर आला, असं मला वाटत नाही.

म्हणून मोहिमेआधी मी दोनच गोष्टी बघतो. अर्धवट तयार काय आहे? आणि हे केलं तर त्यांचं काय अडलेलं सुटतं? दोन्हींची उत्तरं नसतील तर मी पोस्टर करत नाही. उत्साही पोरांना ही दोन उत्तरं शोधायचा कंटाळा येतो. हॅशटॅग पाच मिनिटांत होतो, वाचायला आठवडा लागतो.

आणखी एक. २०२२ मध्ये बातमी आली की वॉर्नरने करून घेतलेल्या पाहणीत स्नायडर कटबद्दल बोलणाऱ्या खात्यांपैकी निदान १३ टक्के खाती खोटी निघाली. त्याच चाहत्यांनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला लाखो डॉलर मिळवून दिले होते. पण 'बॉट', म्हणजे खोटी खाती, म्हटलं की त्यांचंच नाव निघतं आणि त्या देणगीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मोहिमेत कुणी "माझ्याकडे दोनशे खाती आहेत" म्हणाला तर त्याला तिथेच नमस्कार करा.

बाकीच्या चुका, पटापट

चुकीच्या दारात बसणं. "मार्व्हल हल्कचा स्वतंत्र चित्रपट का करत नाही?" कारण हल्कच्या एकट्याच्या चित्रपटाच्या वितरणाचे हक्क वर्षानुवर्षं युनिव्हर्सलकडे अडकलेले होते. आधी हक्क कुणाकडे आहेत ते बघा, मग ओरडा.

मतदानाला मंजुरी समजणं. गिलेर्मो देल तोरोने जानेवारी २०१७ मध्ये तिसऱ्या 'हेलबॉय'साठी ट्विटरवर कौल घेतला. एक लाख मतं मागितली होती, त्याहून जास्त पडली. पुढच्याच महिन्यात त्याने कळवलं, सिक्वेल शंभर टक्के होणार नाही. हा तर खुद्द दिग्दर्शक, आणि तरी.

वरातीमागून घोडं. अँड्र्यू गारफिल्डचा तिसरा स्पायडरमॅन हवा म्हणून लोक उठले २०२१च्या डिसेंबरात. दुसरा भाग २०१४चा. तेव्हा ७० कोटी ९० लाख डॉलर कमावूनही सोनीला ते पुरेसे वाटले नाहीत, आणि २०१५च्या फेब्रुवारीत मार्व्हलशी करार होऊन पात्र दुसऱ्या वाटेने निघूनही गेलं होतं. तुमचं प्रेम खरं असेल, पण सात वर्षं कुठे होतात?

स्वतः लिहिलेली कथा पाठवणं. न मागवलेलं लिखाण मोठे स्टुडिओ न वाचता परत करतात किंवा टाकून देतात. उद्या कुणी "माझी कल्पना चोरली" म्हणून कोर्टात जाऊ नये, म्हणून. मीसुद्धा एकदा पाठवली होती, त्याबद्दल जास्त बोलणार नाही.

शिवीगाळ. 'कॅप्टन मार्व्हल' यायच्या आधीच त्याच्यावर एवढी राळ उडवली गेली की रॉटन टोमॅटोज या समीक्षांच्या साइटला 'पाहायची इच्छा' दाखवणारा आकडाच काढून टाकावा लागला. चित्रपटाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. चार वर्षांनी पुढचा भाग पडला, कारण लोक मुकाट्याने घरी बसले.

घाई. पहिला 'इन्क्रेडिबल्स' २००४चा, दुसरा २०१८चा. चौदा वर्षं. दुसऱ्याने १२४ कोटी डॉलर कमावले. तुम्ही तीन आठवड्यांत "स्टुडिओ चाहत्यांना विसरला" म्हणता.

नटाच्या शब्दावर मिठाई वाटणं. २०२२च्या ऑक्टोबरात हेन्री कॅव्हिलने स्वतः जाहीर केलं की आपण सुपरमॅन म्हणून परत आलो. मधल्या काळात स्टुडिओचा कारभार नव्या माणसांकडे गेला आणि डिसेंबरात त्यानेच कळवलं की नाही, परतत नाही. जाहीर तारखेवर तरी विश्वास ठेवावा का? 'फॅन्टास्टिक फोर'च्या पुढच्या भागाला २०१७ची तारीख मिळाली होती. २०१५चा चित्रपट कोसळला आणि ती तारीख यादीतून गेली. मग चित्रीकरण सुरू झाल्यावर? 'बॅटगर्ल'चं तर पूर्ण झालं होतं, ९ कोटी डॉलर खर्चून, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नरने तो कपाटात टाकला. त्यामुळे हल्ली माझं तिकीट निघाल्याशिवाय मी गटात अभिनंदनाचा मेसेज टाकत नाही, आणि दुसऱ्या कुणी टाकला तर डिलीट करायला लावतो.